भरदिवसाची म्हातारी

१

जेरोम रात्रपाळीला जायचा आणि सकाळी परत यायचा. दाराबाहेर बूट आपटून खाणीची धूळ झटकायची, तोंड धुवायचं, काकवी लावलेला पाव आणि चहा पोटात ढकलायचा आणि वर जाऊन झोपायचं, हा त्याचा नेम. मग दुपार टळेपर्यंत घर माझं, पण आवाज न करता. लॅम्प कोव्ह या आमच्या खाडीकाठच्या गावातल्या निम्म्या बायका अशाच जगायच्या. नवरा वर झोपलेला, आणि आपण खाली ताटल्या अशा ठेवायच्या की जणू अंडीच ठेवतोय.

आमच्या स्वयंपाकघरातल्या लोखंडी चुलीचा पाइप छतातून वरच्या खोलीत जातो. छताचं भोक पाइपापेक्षा चांगलं मोठं आहे, खालची ऊब वर जावी म्हणून. ऊब वर जाते आणि वरचा आवाज खाली येतो. त्या भोकातून मी जेरोमचं घोरणं इतकी वर्षं ऐकलं होतं, की आता तो कूस बदलणार हे बटाटे सोलता सोलता सांगितलं असतं.

थंडी नुकती लागली होती तेव्हाची गोष्ट. वरचं घोरणं चालू होतं. श्वास बाहेर गेला, आणि तो परत आत यायच्या आधी आणखी एक श्वास ऐकू आला. बारीक. ओलं बोट काचेच्या काठावरून फिरवावं तसा. शीळच म्हणा ना.

मी किटलीकडे पाहिलं. किटली चुलीवर नव्हतीच. वारा म्हणावा, तर समोरची खाडी परातीतल्या पाण्यासारखी निवांत पडली होती. मांजर आम्ही पाळत नाही.

पुन्हा आला. जेरोमचा श्वास, आणि त्याच्यामागे तो दुसरा. बर्फात पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकत कोणी चालावं तसा.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि आवाज थांबला. मी वर गेले. जेरोम डाव्या कुशीवर झोपला होता, पाय पोटाशी घेऊन. लग्न झाल्यापासून हा माणूस उताणा झोपतो, फळीवर टाकलेल्या माशासारखा. उशी भिजलेली होती. सदरा पिळला असता तर पाणी निघालं असतं. आणि खोली अशी गार, की माझ्या तोंडातून वाफ निघत होती.

२

उठल्यावर विचारलं, "झोपेत घाम कसला सुटतो रे तुला?"

"गोधडी जड आहे."

"गोधडी तुझ्या आईच्या वेळची आहे. आजच जड झाली? आणि ती शीळ कोण घालतं?"

तो पावाला लोणी लावत होता. सुरी थांबली. "म्हातारी," तो म्हणाला. "छातीवर म्हातारी बसते."

आमच्याकडे हे ऐकून कोणी हसत नाही. झोपेत माणूस जागा होतो, पण हात हलत नाही, ओरडता येत नाही आणि छातीवर कोणीतरी ठाण मांडून बसलेलं असतं. त्याला म्हातारी बसली म्हणतात. कोव्हमधल्या प्रत्येक घरात कोणाच्या ना कोणाच्या छातीवर ती बसून गेली आहे. उपायही पोरासोरांना ठाऊक असतो. झोपलेल्याचं नाव उलटं घेऊन हाक मारायची. सुलट नावाला ती दाद देत नाही.

जेरोमचं उलटं केलं की मरोजे. हाक मारताना मला शिवी दिल्यासारखं व्हायचं, पण मी मारायचे. शीळ आली की भोकाखाली उभी राहायचे, मान वर करायचे आणि ओरडायचे, "मरोजे." वर पलंग करकरायचा. जेरोम खोकायचा, बराच वेळ खोकायचा, आणि मग भोकातून आवाज यायचा, "गेली."

शेजारच्या सेलेस्तीनला मी हे सांगितलं. तिचा नवरा पायस जेरोमच्याच पाळीला होता, वसंतात आम्ही त्याला पुरला. खाणीचा आजार. आमच्या दफनभूमीत आताशा म्हातारे कमी आणि खाणवाले जास्त.

"पायसच्याही छातीवर बसायची," ती म्हणाली.

"मग तू काय केलंस?"

"हाका मारल्या. दुसरं काय करणार?" ती कपातल्या चहाकडे बघत राहिली. "ती आपणहून येत नाही, गर्टी. कोणीतरी पाठवतं. पाठवणाऱ्याचं तोंड तिला असतं. जेरोमला विचार, कोण दिसतं."

त्याच सुमारास माझा गुडघा सुजला म्हणून मी दवाखान्यात गेले होते. तिथली नर्स इंग्लंडहून आलेली, काठीसारखी सरळ बाई. पट्टी बांधताना मी सहज बोलून गेले, नवऱ्याच्या छातीवर म्हातारी बसते. वाटलं, हसेल. तिने पट्टी खाली ठेवली.

"झोपेत खोकला येतो?"

"येतो."

"घाम? शीळ वाजल्यासारखा श्वास? कूस बदललीय? खांदा दुखतो म्हणतो?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"म्हातारीचं मला काही कळत नाही, मिसेस टारंट," ती म्हणाली. "साधा दमाही असेल. पण खाणीतल्या माणसाला झोपेत असं व्हायला लागलं, की आधी छातीचा फोटो काढायचा. लवकर सापडलं तर सेंट जॉन्सच्या मोठ्या इस्पितळात नेऊन कापून काढतात, माणूस जगू शकतो. उशिरा सापडलं तर माझ्याकडे फक्त दुखणं बधिर करायचं औषध आहे. घेऊन या त्याला."

मी तशीच लंगडत घरी आले आणि जेरोमला सांगितलं. तो हसला. "कंपनीच्या डॉक्टरने काढलाय फोटो. काचेसारखा स्वच्छ आहे."

"शपथ घे."

"आईची शपथ."

आईची शपथ तो खोटी घेत नाही. त्या दिवसापर्यंत मी हे कोणालाही ठासून सांगितलं असतं.

३

"मग तोंड कोणाचं दिसतं ते तरी सांग," मी म्हटलं.

तो पाळीला निघाला होता, बुटाच्या नाड्या बांधत होता. "नको विचारू."

"विचारतेय मी."

"तुझं," तो म्हणाला.

मी हसले. तो हसला नाही. दाराशी जाऊन, पाठमोराच म्हणाला, "काही दिवस मागच्या खोलीत झोप तू, गर्टी. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आणि मी झोपलो की वर येऊ नकोस."

मी माझी उशी उचलली आणि मागच्या खोलीत नेली. आमची मुलगी लग्न होऊन हॅलिफॅक्सला जाईपर्यंत तिथे झोपायची. त्या खोलीच्या भिंतीला ओल आहे. पण ओलीने मला काही झालं नाही. मला झालं ते दुकानात.

दुकानात शिरले आणि बोलणं बंद पडलं. दुकानवाली सुटे पैसे हातावर द्यायची, तिने ते फळीवर ठेवले आणि बोट मागे घेतलं. मला कळलं, जेरोम खाणीत बोललाय. दुसऱ्या दिवशी मी सेलेस्तीनकडे पाव घेऊन गेले, ताजा, गरम. तिने दार अर्धंच उघडलं.

"पोटाला झेपत नाही गं हल्ली."

"पाव झेपत नाही, की मी?"

तिने दार आणखी ओढून घेतलं. माझ्याकडे बघेनाच.

राग तर असा आला होता, की वाटलं चुलीवर पाणी ओतावं आणि घर थंड पडू द्यावं. पण रागाखाली दुसरंच काही हलत होतं. जेरोम वर झोपला, की काम आवरून मी चुलीपाशी खुर्चीत बसायचे. ऊब असते, डुलकी लागते. शीळ कधी कधी ऐकली ते मी आठवून पाहिलं. दर वेळी डुलकीतून जागी होतानाच. पहिल्या दिवशी तरी मी बटाटे सोलत होते. की सोलता सोलता पेंगले होते? बटाटे टोपलीत अर्धेच सोललेले होते हे नक्की.

मी पाहायचं ठरवलं. टपात गार पाणी घेतलं, त्यात पाय सोडले आणि विणायला बसले. पायांची लाकडं झाली पण डोळे टक्क उघडे. वरून काही आलं नाही. शीळ नाही, खोकला नाही, घोरणंसुद्धा नाही. घरात दुसरं माणूसच नाही अशी शांतता. दुपार टळत आली, मानेला एक झटका बसला, डोळे मिटले असतील नसतील, आणि वरून शीळ आली.

मी हात पाहिले. बोटं माझीच, सुया बोटांत. पाय पाण्यात. मी इथे खाली आहे, सगळीच्या सगळी आहे, असं मी स्वतःशी मोठ्याने म्हटलं. मग वर काय जातंय?

४

हाकेने भागलं नाही, की फळी करतात. छोटी फळी घ्यायची, खालून खिळे ठोकायचे, टोकं वर येतील असे, आणि ती झोपणाऱ्याच्या छातीवर बांधायची. म्हातारी बसायला गेली की तिला टोचतं. आणि ज्याने तिला पाठवलं, त्याच्या अंगावर खुणा उठतात.

मी माशाच्या खोक्याची फळी काढली आणि जेरोमच्या समोर खिळे ठोकले.

"मला कोंबडीसारखं बांधणार का?"

"गप पड."

"आणि तुला टोचलं तर?"

"टोचलं तर कळेल सगळ्यांना. मलाही कळेल."

तो माझ्याकडे पाहत राहिला. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग त्याने दोन्ही हात वर केले आणि मला पट्टा आवळू दिला. खांदा वर करताना कळवळला. ते हात वर केलेले मला अजून दिसतात, कारण तेव्हा बोलला असता तर चाललं असतं.

मी खाली बसले. डुलकी लागली की नाही, सांगता येत नाही. शीळ आली, मग गुळण्या कराव्यात तसा आवाज, मग धाडकन काहीतरी पडलं. मी वर धावले. फळी जमिनीवर होती. जेरोम पलंगाच्या कडेला बसून तोंड पुसत होता. उशीवर रक्त होतं, लालभडक, फेसाळ. खिळ्यांवर पण होतं.

"लागलं तिला," तो म्हणाला. माझ्या डोळ्याला डोळा न देता.

मी मागच्या खोलीत गेले, दार लावलं आणि भरदिवसा आरशासमोर सगळे कपडे काढले. मांड्या पाहिल्या, पाठ पाहिली, वळून वळून पाहिलं. एक टोचणी नाही. साधा ओरखडा नाही. त्या गारठ्यात मी उघडी उभी राहून हसत होते.

उशीचा अभ्रा मी धुतला नाही. तसाच रस्त्याकडच्या दोरीवर वाळत घातला आणि बाह्या वर करून शेजारी उभी राहिले. म्हटलं, पाहा आता. म्हातारीचं रक्त सांडलंय, आणि गर्टी टारंटच्या अंगावर खूण नाही.

५

लोक आले. कुंपणापाशी थांबले, कोणी क्रूसाची खूण केली, कोणी मान हलवली. दुकानवाली स्वतः आली आणि माझा हात हातात घेतला. "आमचं चुकलंच बाई," म्हणाली. मी म्हटलं, "चुकलंच." सोडते काय.

सेलेस्तीन सगळ्यात शेवटी आली. अभ्र्याला तिने बोट लावलं. "काढ हे, गर्टी."

"का? बघू दे की."

"म्हातारीला रक्त नसतं."

"मग हे काय आहे? बीटाचा रस?"

"पायसच्या उशीवर असंच पडलं होतं. मीही फळी बांधली होती. म्हातारी मेली म्हणून केक भाजला मी, शेजारीपाजारी वाटला. तू पण खाल्लास."

खाल्ला होता. मनुका घातलेला.

"जेरोमचा फोटो स्वच्छ आहे," मी म्हटलं.

ती कुंपणाकडे बघत होती. "पायस गेल्यावर त्या पाळीच्या सगळ्यांचे फोटो काढले. जेरोमच्या छातीत डाग आहे. उन्हाळ्यात तो माझ्याकडे आला होता. पायसला झोपेत काय काय व्हायचं, ते विचारायला. घाम, शीळ, सगळं मी सांगितलं. मग म्हणाला, गर्टीला सांगायचं नाही, शपथ घे."

"आणि तू घेतलीस."

"तो म्हणाला, तिला कळलं तर ती मला फरफटत सेंट जॉन्सला नेईल. पायसला कापला, आणि शवपेटीतून परत आणला. त्याला तसं जायचं नव्हतं."

"आणि माझं तोंड दिसतं, हे कोणी काढलं?"

"तू शेजारी झोपलीस तर तुला कळलं असतं. नुसती झोपायला दुसरीकडे जा म्हटलं असतं, तर तू गेली असतीस का?"

नसते गेले.

"आणि खाणीत कशाला बोंबलला?"

"तू वाईट आहेस असं एकदा लोकांना वाटलं, की मग तू नर्सकडे जा, फादरकडे जा, कोण ऐकणार होतं?" ती म्हणाली. "पाव मी त्यासाठी परत नाही केला. तुझ्याकडे बघवत नव्हतं म्हणून."

माझा हात उठला होता. तो मी तसाच अभ्र्याकडे नेला आणि दोरीवरचे चिमटे काढले. गावाने मला चेटकीण म्हटलं ते एकवेळ सोसलं असतं. पण या दोघांना ठाऊक होतं की मी नाही, आणि दोघांनी मला टपात पाय घालून बसू दिलं.

६

सकाळी तो आला. मी पाव कापला नव्हता, चहा टाकला नव्हता. त्याने टेबलावरचा अभ्रा पाहिला आणि टोपी न काढताच बसला.

"आईची शपथ घेतलीस."

"आई मेलीय. तिला काय होणार आणखी?"

"हसवू नकोस मला. तोंड फोडीन."

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "तुला भीती वाटू नये, एवढंच हवं होतं मला."

"म्हणून मला चेटकीण केलंस?"

"तू रागावलीस की भीत नाहीस. मला माहीत आहेस ना तू."

"मी टपात पाय घालून बसले त्या दिवशी? चिडीचूप होतास."

"गोधडी तोंडात कोंबून पडलो होतो. तू जागी आहेस की पेंगतेस ते कळतं वर, सुयांच्या आवाजावरून. सुया थांबल्या की मी श्वास घ्यायचो."

म्हणजे सगळं जुळलं. शीळ त्याची, घाम त्याचा, रक्त त्याचं. म्हातारी नाही, कोणी नाही. एक खोटारडा नवरा आणि त्याच्या छातीतला डाग. मला केवढं हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच चीड आली.

"दुपारी लेव्हीचा ट्रक येतोय," मी म्हटलं. लेव्ही सेलेस्तीनचा भाऊ. रात्रीच तिला सांगून ठेवलं होतं, तेवढं देणं तरी ती लागत होती माझं. "आधी दवाखाना. मग नर्स म्हणेल तिथे. अजून वेळ गेली नसेल. तुला पेटीतून आणायचा का खुर्चीतून, ते नंतर बघू. पण तू जायचंस."

मला वाटलं भांडेल. "जाऊ," तो म्हणाला. "थोडा झोपतो आधी." जिना चढताना दोनदा थांबला.

मी बसले नाही. उभ्याने त्याची पिशवी भरली, उभ्याने पाव खाल्ला, चुलीजवळ गेलेच नाही. डुलकीचा प्रश्नच नव्हता. भोकातून त्याचं घोरणं येत होतं, पूर्वीसारखं. ट्रकचा भोंगा वाजला तशी मी त्याचा कोट हातावर घेतला आणि वर गेले.

दार अर्धं उघडं होतं. खिडकीतून भक्क उजेड पडला होता. जेरोम उताणा झोपला होता आणि गोधडी त्याच्या छातीवर खोल दबली होती, कणकेवर मूठ दाबावी तशी. जुनी गोधडी आहे, आतल्या चिंध्या सरकतात. मी मनाशी तेच म्हटलं.

मग श्वास आला. दुसरा. जेरोमचं तोंड मिटलेलं होतं. श्वास त्या दबलेल्या जागेच्या वरून आला, माझ्या तोंडाच्या उंचीवरून.

भीती नंतर वाटली. आधी वाटला तो राग. आठवडेच्या आठवडे माझं नाव घेऊन जे काही इथे बसत होतं, ते माझ्यासमोर बसलं होतं.

"ऊठ तिथून," मी म्हणाले.

गोधडी हळूहळू वर आली. जेरोमने छाती भरून श्वास घेतला. इतका मोठा श्वास त्याने कित्येक महिन्यांत घेतला नव्हता. मग पलंग करकरला आणि भिंतीकडची बाजू दबली. ती माझी बाजू. माझी उशी तर मी मागच्या खोलीत नेली होती, पण तिथे उशी होती, झटकून नीट ठेवलेली. त्या उशीला मधोमध खळगा पडला.

जेरोम झोपेतच तिकडे वळला. "आलीस का, गर्टी," तो म्हणाला, ज्या आवाजात तो फक्त माझ्याशी बोलायचा, आणि फक्त या पलंगावर. त्याने हात उचलला आणि पलीकडे टाकला. हात गादीला टेकला नाही. वीतभर वरच थांबला आणि तिथेच विसावला.

खाली लेव्हीने पुन्हा भोंगा वाजवला, लांबलचक. कोट हातावर घेऊन मी उंबऱ्यात उभी होते. जेरोम हलला नाही. त्याची बोटं तेवढी हलत होती, मला झोप लागेपर्यंत थोपटायचा तशी थोपटत होती, आणि त्यांच्याखाली गोधडी वरखाली होत होती.